ना देवाला, ना वेणीला

(सप्टेंबरच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



गेल्या तीन बैठकांत आपण निवृत्तिवेतन, मृत्युपत्र आणि २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा या विषयांवर बोललो. म्हणून या वेळी मला निरोप आला की, ताई, जरा हलका विषय घ्या, तुमच्या बागेतल्या फुलांवर बोला. मला बरं वाटलं आणि थोडा रागही आला. फुलं म्हणजे हलका विषय, असं कोणी ठरवलं? कुठलं फूल लावायचं हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत मनासारखं ठरवता आलं नव्हतं. तेव्हा हलका की जड, ते ऐकून झाल्यावर तुम्हीच ठरवा.

मी फक्त हंगामी फुलझाडांविषयी बोलणार आहे. गुलाब, मोगरा, जास्वंद, पारिजातक यांच्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. बी पेरल्यापासून पुन्हा बी धरेपर्यंत ज्याचं सगळं आयुष्य एका हंगामात आटपतं, ते हंगामी झाड. झेंडू, तेरडा, कोंबडा, झिनिया, कॉसमॉस, अ‍ॅस्टर, फ्लॉक्स, कॅलेंडुला, पेटुनिया. इंग्रजीत त्यांना वार्षिक झाडं म्हणतात, पण वर्षभर काही ती टिकत नाहीत. चार-पाच महिन्यांत सगळं आटोपतं. आपला शब्द जास्त नेमका आहे.

मी या झाडांकडे वळले ती आवडीनं नव्हे, नाइलाजानं. १९७८ साली लग्न झालं. माझा नवरा पाटबंधारे खात्यात होता. (पूर्वी मी 'आमचे हे' म्हणायची, इथे यायला लागल्यापासून सुधारले.) दर तीन वर्षांनी बदली. कधी सरकारी खोल्या मिळायच्या, बहुतेकदा भाड्याची जागा. आमच्या पहिल्या घरमालकांनी किल्ली देताना दोन अटी घातल्या होत्या. भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत आणि अंगणात झाड लावायचं नाही, मुळं पायात जातात. मी म्हटलं, डब्यात लावलं तर? ते म्हणाले, डब्यात काय लावायचं ते लावा, जाताना घेऊन जा.

मग मी डालड्याचे रिकामे डबे गोळा केले, खिळ्यानं तळाला भोकं पाडली आणि झेंडू लावला. जाताना घेऊन जायची वेळच आली नाही, कारण बदलीचा हुकूम यायचा मे-जूनमध्ये आणि तोवर हिवाळी झाडं सुकून गेलेली असायची. बी मात्र यायचं बरोबर. जुन्या पोस्टाच्या पाकिटात, डाळीच्या डब्यात ठेवून. पुढे खूप वर्षांनी माझ्या लक्षात आलं की हंगामी फुलं ही भाडेकरूची फुलं आहेत. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही, हे ज्याला माहीत नसतं तो आंबा लावत नाही. आणि बाईला ते माहेरीही माहीत नसतं. माझी आई आम्हा बहिणींना परसात काही लावू द्यायची नाही असं नाही, पण म्हणायची, तुम्ही तेरडा लावा, नारळ तुझा भाऊ लावेल. त्यात तिचा काही वाईट हेतू नव्हता. नारळाला फळ यायला सहा-सात वर्षं लागतात, तोवर मुली कुठल्या घरी असतील हा हिशेब ती करत होती.

तेरड्यावरून आठवलं. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण ज्यानं केली त्यानं तेरडा कधी लावलेला नसणार. एकेक फूल थोडे दिवसच राहतं हे खरं, पण झाड खालून वर फुलत जातं आणि महिना-दीड महिना सहज रंग राहतो. शिवाय सावलीत येतो, मोरीच्या पाण्यावर येतो, एकदा लावला की बी आपणच उडवून देतो. पिकलेल्या बोंडाला बोट लागलं की फट्‌कन फुटतं, लहानपणी आम्ही तेवढ्यासाठी तेरडा लावायचो. काही घरांत गौरी म्हणून तेरड्याचीच रोपं आणतात. गौर म्हणून जो घरात येतो, त्यालाच चंचल माणसाची उपमा द्यायची. असो.

बदल्यांनी मला एक गोष्ट शिकवली ती बागकामाच्या पुस्तकात पहिल्या पानावर असायला हवी. फूल निवडताना आधी आपली आवड बघायची नाही, जागा बघायची. १९८१ ते ८४ आम्ही चिपळूणला होतो. तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. जूनमध्ये मी हौसेनं झेंडू लावला, जुलैत सगळी झाडं मुळाशी कुजली. जांभ्याच्या लाल मातीत पाणी साठत नाही म्हणतात, पण माझ्या डब्यांना भोकं कमी होती आणि पाऊस थांबतच नव्हता. शेजारच्या काकूंनी सांगितलं, इथे पावसात तेरडा नि गुलबक्षी, झेंडू दसऱ्याच्या बेतानं उशिरा लाव. मग पंढरपूरला गेलो. तिथे पाऊस पाचसहाशे मिलिमीटर, काळी माती आणि एप्रिलात अंगण तव्यासारखं तापलेलं. तिथे तेरडा चिमणीएवढं पाणी दिलं तर दुपारी मान टाकायचा. पण झिनिया आणि गॅलार्डिया, फुलबाजारात ज्याला गलांडा म्हणतात तो, उन्हात असे उभे राहायचे की बघत राहावं. गॅलार्डिया तर मी विसरून गेले तरी फुलायचा. त्या तीन वर्षांत दोन मुलं लहान होती, सासऱ्यांचं आजारपण होतं, नळाला पाणी दिवसाआड. पाच डबे गॅलार्डियाचे होते म्हणून सकाळी दारात काहीतरी रंगीत दिसायचं. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी मी त्यांना घालायची. साबणाचं घालू नका.

सासूबाई आमच्याकडे असायच्या. त्यांना माझे डबे आवडत नसत. एकदा म्हणाल्या, "ही असली फुलं कशाला लावतेस? ना देवाला, ना वेणीला." हे वाक्य मी विसरले नाही. त्या वाईट बोलल्या असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्यांनी एक हिशेबच मांडला होता. फूल दोन कारणांसाठी असतं, देवासाठी किंवा सवाष्णीच्या केसांसाठी. झिनियाला वास नाही, गॅलार्डियाला वास नाही, पेटुनिया तोडला की चिकट होऊन मिटतो, फ्लॉक्सच्या पाकळ्या गळतात. म्हणजे ही फुलं कुठल्याच कामाची नाहीत. आणि सासूबाई स्वतः चाळिशीत विधवा झालेल्या नात्यातल्या जावेला बघत मोठ्या झालेल्या, सासरे गेल्यावर त्यांनी स्वतःच वेणी माळणं बंद केलेलं. तेव्हा त्यांच्या दृष्टीनं आता फूल फक्त देवासाठी उरलं होतं.

मी त्यांना उत्तर दिलं नाही, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ही फुलं बघण्यासाठी आहेत, माझ्यासाठी आहेत, असं म्हणायला पाहिजे होतं. पण स्वतःच्या बघण्यासाठी पाणी, माती आणि सकाळचा अर्धा तास खर्च करायचा, हे बोलून दाखवायची लाज वाटायची. तुमच्यातल्या किती जणींना ती लाज अजून वाटते, हात वर करायला सांगत नाही.

१९९५ मध्ये आम्ही साताऱ्याला आलो आणि वर्षभरात तिथे घर बांधलं. दीड गुंठा जागा, नवऱ्याच्या नावावर. कर्ज त्याच्या पगारावर, हप्त्यांतला बराच भाग माझ्या शिकवण्यांचा, पण त्याची कुठे नोंद नव्हती. आता अंगण होतं. मला वाटलं, आता मनासारखं लावू. तर नवऱ्याला गुलाबांची हौस लागली. पुण्याला एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत फुलांचं प्रदर्शन असतं, तिथून तो कलमं घेऊन यायचा. पुढचं ऊन लागणारं सगळं अंगण गुलाबाला गेलं. खत, औषध, छाटणी, सगळं तो ठरवायचा, करायची मी. मला मिळाली मागची, उत्तरेकडची पट्टी, जिथे दिवसाला दोन तास ऊन. दोन तास उन्हात हंगामी फुलांपैकी जवळजवळ काहीच धड येत नाही. त्यांना पाच-सहा तास लागतात. मी तिथे तेरडाच लावत राहिले. माणूस चांगला होता, मला कधी उणं बोलला नाही. माझी झाडं उन्हात यायला हवीत, हे मी त्याला कधी सांगितलंच नाही, आणि त्यालाही ते विचारावंसं वाटलं नाही.

२००८ च्या जूनमध्ये तो गेला. दोन दिवसांचा ताप आणि मग हृदय. पावसाळाभर मी अंगणात गेले नाही. गुलाबांवर बुरशी आली, निम्मे मेले. ऑक्टोबरात एक दिवस उठले, मेलेले गुलाब उपटले, माती खणली, शेणखत घातलं आणि पुढच्या अंगणात अ‍ॅस्टर लावायचं ठरवलं. अ‍ॅस्टरच का? कारण त्या बियांचं पाकीट घरात होतं, आणि मुलगी लहानपणी त्याला 'चांदणीचं फूल' म्हणायची. एवढंच कारण. बी ट्रेमध्ये पेरलं, आठवड्या-दहा दिवसांनी उगवलं.

रोपं बोटभर झाली तेव्हा दीर आणि माझा मुलगा एका संध्याकाळी कागद घेऊन आले. भावजी म्हणाले, "वहिनी, घर एकट्याच्या नावावर असलेलं बरं. पुढे कटकट नको. तुम्ही, ताई आणि आई, तिघींनी हक्कसोडपत्रावर सह्या करा, सगळं मुलाच्या नावावर करू. तुम्हाला काय, तुम्ही त्याच्याकडेच राहणार." मुलगा काही बोलला नाही. तो खालीच बघत होता. मला रडूही आलं नाही आणि रागही आला नाही. हाताला माती होती. मी म्हणाले, "माझी रोपं लावायची आहेत. अ‍ॅस्टर फुलल्यावर बघू."

हे मी काही हुशारीनं म्हटलं नाही, तोंडून निघून गेलं. पण अ‍ॅस्टर पेरल्यापासून फुलायला साधारण चार महिने लागतात. तेवढे महिने मला मिळाले. दीर दर पंधरा दिवसांनी फोन करायचे आणि मी खरंच सांगायची, अजून कळ्या नाहीत. त्या चार महिन्यांत मी आयुष्यात पहिल्यांदा एका कायदा सल्ला केंद्रात गेले. तिथल्या वकील मुलीनं मला सांगितलं की १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवरा मृत्युपत्र न करता गेला तर त्याची बायको, मुलगा, मुलगी आणि आई या चौघांना सारखा वाटा. आणि त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमानुसार बाईला मिळालेला वाटा पूर्णपणे तिच्या मालकीचा, केवळ हयातीपुरता नव्हे. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की परत फिरवणं फार कठीण. म्हणजे मी ज्या अंगणात खुरपं घेऊन बसले होते त्याचा चौथा हिस्सा त्या क्षणी माझाच होता. पन्नास वर्षांहून जुना कायदा, आणि मला तो बावन्नाव्या वर्षी कळला. आम्ही एवढी वर्षं साताऱ्याला होतो, वर्तमानपत्र रोज येत होतं.

फेब्रुवारीत अ‍ॅस्टर फुलले. जांभळे, गुलाबी, पांढरे. भावजी आले. मी चहा दिला आणि म्हणाले, मी सही करणार नाही, माझ्या मुलीनंही करू नये असं मी तिला सांगितलंय. पुढे जे व्हायचं ते झालं. शब्दाला शब्द वाढला. सासूबाई अंगणात खुर्चीवर उन्हाला बसल्या होत्या. भावजी त्यांच्याकडे गेले, आई तू तरी समजावून सांग. सासूबाई म्हणाल्या, "तिनं केली की मी करीन." आणि पुन्हा फुलांकडे बघायला लागल्या. त्यांचा त्या कागदाला काही विरोध होता की त्यांना नुसता कंटाळा आला होता, ते मला आजही सांगता येणार नाही. मिळकत पत्रिकेवर आमची चौघांची नावं लागली. मुलगा दोन वर्षं माझ्याशी कामापुरतं बोलला. आता बोलतो. पूर्वीसारखं नाही, पण बोलतो.

त्याच संध्याकाळी सासूबाई मला म्हणाल्या, "पुढच्या पावसाळ्यात कोंबडा लाव. माझ्या माहेरी होता." अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. तीस वर्षं आमच्या घरात माझ्याबरोबर राहिली, पण अमुक फूल हवं असं म्हणताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. कोंबडा काही देवाला फारसा चालत नाही आणि वेणीत तर नाहीच. जूनमध्ये मी तो लावला. लाल मखमलीसारखा तुरा, आणि तो सुकला तरी रंग जात नाही. एक तुरा त्यांनी खोलीत पाण्याशिवाय ग्लासात ठेवला होता, तो दिवाळीनंतरही तसाच होता. त्या २०१३ साली गेल्या. तेव्हापासून कोंबडा दरवर्षी असतो माझ्याकडे. बी बारीक, काळं, चकचकीत. तुरा कागदावर झटकला की पडतं.

आता, फुलं निवडायची कशी, हे सांगते, कारण मला त्यासाठीच बोलावलंय.

पहिलं म्हणजे ऊन मोजा. सकाळी आठ, बारा, चार, तिन्ही वेळा जाऊन बघा. घरातलं सगळ्यात उन्हाचं ठिकाण कोणाच्या ताब्यात आहे, तेही त्यात कळेल. स्कूटर उभी असते, कपडे वाळतात, किंवा कुणाचे गुलाब असतात. ते मागून घ्या. माझ्यासारखं तेरा वर्षं मागच्या पट्टीत काढू नका.

मग आपला वेळ मोजा. सातला घर सोडणाऱ्या बाईनं रोपं करून, काढून, पुन्हा लावण्याच्या भानगडीत पडू नये. तिनं झेंडू, झिनिया, कॉसमॉस, कॅलेंडुला थेट जागेवर पेरावेत. दाट उगवले तर उपटून वीतभर अंतर ठेवावं, हे उपटणं जिवावर येतं पण केल्याशिवाय झाडं भरत नाहीत. अ‍ॅस्टर, पेटुनिया, फ्लॉक्स यांची रोपं आधी करावी लागतात. पॅन्सीचं बी मला कधी धड उगवलं नाही, मी रोपवाटिकेतून रोपं आणते आणि त्याची लाज बाळगत नाही. गॅलरीत दुपारचं ऊन येत असेल तर ऑफिस टाईम लावा. त्याचं हे नाव कुणी ठेवलं देव जाणे, उन्ह चढलं की दहाच्या सुमाराला उमलतं म्हणून. नाव ठेवणाऱ्याचं ऑफिस दहाला उघडत असणार. आपलं पाचला उघडतं, तेव्हा ते फूल झोपलेलं असतं.

सुकलेली फुलं रोज काढत राहा. हंगामी झाडाचा सगळा जीव बी धरण्यात असतो. बी धरलं की ते फुलायचं थांबतं. बी धरू दिलं नाही तर आणखी फुलत राहतं. आमच्या पिढीच्या बायकांना हे निराळं समजावून सांगायला नको. शेवटी थोडी फुलं मात्र बियांसाठी ठेवा.

अ‍ॅस्टर लागोपाठ दोन वर्षं एकाच जागी लावू नका, मर रोग लागतो. झेंडूच्या मुळांमधून जे द्रव्य सुटतं त्यानं जमिनीतल्या मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना आळा बसतो, म्हणून मी जागा बदलताना अ‍ॅस्टरनंतर पावसाळ्यात तिथे झेंडू घेते.

आणि तोडणारे कोण आहेत ते बघा. पहाटे पिशवी घेऊन कुंपणावरून फुलं तोडणारी मंडळी प्रत्येक गल्लीत असतात, सगळी भाविक असतात. माझ्या कुंपणालगतचा झेंडू रोज जातो. नवरा गेल्यावर पहिल्या संक्रांतीला मला गल्लीतल्या हळदीकुंकवाची बोलावणी आली नाहीत, पण माझ्या अंगणातला झेंडू मात्र त्याच घरांतल्या देवांना वाहिलेला होता. फुलाला चाललं, फूल लावणारीला चाललं नाही. पूर्वी याचा मला संताप यायचा. मग झेंडूविषयी वाचलं. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला असं मानतात. तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत गेलेल्या माणसांचा सण असतो, त्यात थडग्यांवर झेंडू वाहतात आणि मृतांना घरची वाट सापडावी म्हणून पाकळ्यांची वाट घालतात. आपण तेच फूल दसऱ्याला दारावर बांधतो, गाडीला बांधतो. तिथे मेलेल्यांसाठी, इथे शुभ म्हणून. म्हणजे शुभ-अशुभ फुलात नाही. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं विधवांच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही असा ठराव केला आणि पाठोपाठ सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. तो ठराव वाचला तेव्हा मी बाहेर जाऊन बराच वेळ झेंडूपाशी उभी होते.

आता मी कुंपणालगत मुद्दाम भरपूर झेंडू लावते, जाऊ दे गेला तर. आणि आत, व्हरांड्यातून दिसेल अशा ठिकाणी पॅन्सी, फ्लॉक्स, पेटुनिया. त्यांना कोणी हात लावत नाही. ना देवाला, ना वेणीला. ती माझी.

मला लोक विचारतात, आता घर तुमचं झालं, आता आंबा का लावत नाही? नारळ का नाही? चौथा हिस्सा माझा आहे, पण सवय म्हणा, मी नाही लावला. सुरुवातीला वाटायचं की भाडेकरूपण माझ्या अंगातून गेलेलं नाही. मग एका सप्टेंबरात कासच्या पठारावर गेले. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटर. २०१२ पासून पश्चिम घाटातल्या जागतिक वारशाच्या ठिकाणांत त्याची गणना होते. तिकीट, गर्दी, सगळं सोसून बघितलं. तिथे कातळावर मातीचा नुसता थर आहे, पावसानंतर तो वाळून खडखडीत होतो. तिथे मोठं झाड जगूच शकत नाही. मग फुलतं कोण? सोनकी, रानतेरडा, सीतेची आसवं, सगळी हंगामी. निळी सीतेची आसवं जमिनीखालच्या बारीक पिशव्यांत किडे पकडून खातात, नाव इतकं हळवं आणि स्वभाव असा. ही झाडं उन्हाळा बी होऊन काढतात आणि पाऊस आला की पुन्हा उगवतात. नाजूक म्हणून ती हंगामी नाहीत, तिथे टिकायचा तोच एक मार्ग आहे. माझ्या डाळीच्या डब्यातली पोस्टाची पाकिटं मला तिथे आठवली.

मला दरवर्षी नव्यानं ठरवायला आवडतं, हे एक. चाळीस वर्षं बाकीच्यांनी ठरवलं, आता दर सप्टेंबरला आणि दर मे महिन्यात मी पाटावर बसते, वहीत काढते, या वर्षी काय. गेल्या वर्षी सगळं पांढरं लावलं होतं. फार चांगलं दिसलं नाही. यंदा नाही लावणार.

बियांबद्दल एक सांगून थांबते. दुकानातल्या पाकिटावर संकरित असं लिहिलेलं असेल तर त्याचं बी धरून ठेवण्यात अर्थ नाही. एका वर्षी मी महागाचं संकरित झेंडूचं बी आणलं, लाडूएवढी फुलं आली, हौसेनं बी ठेवलं. दुसऱ्या वर्षी निम्मी एकेरी, पिवळी, गिड्डी. मी त्यांनाही ठेवलं, पण ज्यांना खात्री हवी त्यांनी दरवर्षी दुकानात जावं. साधं, गावरान बी मात्र आपण एकमेकींना देऊ शकतो आणि द्यावं.

मी येताना पुड्या आणल्यात, दाराशी टेबलावर आहेत. अ‍ॅस्टर, कॅलेंडुला आणि गॅलार्डिया, यंदाच्या मार्चमध्ये धरलेलं बी आहे. अ‍ॅस्टर याच ऑक्टोबरात पेरा, त्याचं बी फार दिवस टिकत नाही, पुढच्या वर्षावर टाकलंत तर उगवणार नाही. वर माती अगदी पातळ घाला, झारीनं पाणी द्या. रंग पुडीवर लिहिलेले नाहीत, सगळे मिसळलेत. कोंबड्याचं बी थोडंच आहे, ते जूनमध्ये पेरायचं, ज्यांच्याकडे पाच-सहा तास ऊन आहे त्यांनीच न्यावं. एकीनं एकच पुडी घ्या, चाळीसच आहेत.